म्युझियम बघून आल्यावर फोटोंचा गोंधळ होतो? पाटीपासून फाईलपर्यंत सगळं क्रमाने

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या चार-पाच जणींनी मला एकच प्रश्न विचारलाय. म्युझियम बघायला गेलो, दोघींनी मिळून दीड-दोनशे फोटो काढले, घरी आलो आणि आता कुठली पाटी कुठल्या वस्तूची तेच कळत नाहीये, काय करू? कुणाला पोराच्या प्रोजेक्टसाठी हवं असतं, कुणाला शाळेच्या सहलीआधी माहिती काढून ठेवायची असते. आणि दरवेळी बघितलं तर चूक कॉम्प्युटरवर झालेलीच नसते, ती तिथं म्युझियममध्येच झालेली असते. नंतर कितीही शॉर्टकट मारा, ती सुधरत नाही.

माझंही असंच झालेलं. एका जुन्या ग्रुप फोटोचा फोटो मी काढला, खालची "डावीकडून" अशी सुरू होणारी ओळ मैत्रिणीने तिच्या फोनवर काढली, आणि घरी आल्यावर माझ्याकडे नुसते चेहरे आणि तिच्याकडे नुसती नावं. वर तिच्याकडे तसल्या तीन ओळी, तीन वेगळ्या फोटोंच्या. "अगं ही कुठल्या फोटोखालची?" "मला काय माहीत, फोटो तू काढलेलास ना?" संध्याकाळभर हेच.

म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय. उदाहरणाला आपलं सोलापूरचं भैय्या चौकातलं डॉ. कोटणीस स्मारक (वैद्यकीय पथकासोबत चीनला गेलेले सोलापूरचे डॉक्टर, त्यांचं) घेतलंय, कारण स्टेशनपासून जवळ आहे आणि सुरुवातीला प्रॅक्टिस म्हणून बरं. रीत कुठल्याही म्युझियमला हीच. कॉम्प्युटरचं जे काही आहे ते विंडोज १० आणि ११ साठी. मॅकवाल्यांनी बहुतेक ठिकाणी कंट्रोलच्या जागी कमांड समजा, फक्त फाईलचं नाव बदलायला तिथं एफ२ चालत नाही, एंटर दाबायचं.

१. आदल्या रात्री, घरीच

फोन करून विचारा: उद्या उघडं आहे का, किती वाजता, फोटो काढू देतात का. पुष्कळ म्युझियम सोमवारी बंद असतात आणि सणाच्या सुट्टीचं काही सांगता येत नाही. नेटवर दिसणाऱ्या वेळेवर जाऊ नका, ती कुणी कधी टाकलीय देव जाणे. काही ठिकाणी कॅमेऱ्याचं तिकीट वेगळं असतं, काही ठिकाणी मोबाईल चालतो पण ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक चालत नाही. आत गेल्यावर वॉचमनशी वाद घालण्यापेक्षा हे आधी विचारलेलं बरं.

मग दोन्ही फोन समोर ठेवा आणि एवढं करा.

दोन्ही फोनमध्ये तारीख आणि वेळ "ऑटोमॅटिक" वर आहे ना बघा. हे क्षुल्लक वाटतं पण पुढचं सगळं यावरच उभं आहे, कारण घरी आल्यावर दोन फोनमधले फोटो एका ओळीत लावायला आपल्याकडे वेळ सोडून दुसरं काहीच नसतं. एक फोन सात मिनिटं पुढे असला की पाट्या आणि वस्तूंची खिचडी झालीच म्हणून समजा.

कुणाकडे आयफोन असेल तर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स मध्ये जाऊन "मोस्ट कम्पॅटिबल" निवडा. नाहीतर फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात येतात आणि बऱ्याच विंडोज कॉम्प्युटरवर ते सरळ उघडत नाहीत.

फोनमध्ये जागा आहे का बघा आणि चार्जिंग करा. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळचीच वेळ धरा, एप्रिल-मे मध्ये इथं चाळीसच्या वर पारा जातो आणि रिक्षात हातात धरलेला फोन एवढा तापतो की कॅमेराच बंद पडतो.

आणि कामं वाटून घ्या. हे कुणी करत नाही. दोघी दोन दिशांना फोटो काढत सुटतात आणि तिथंच घात होतो. एकीने फोटो काढायचे, दुसरीने लिहायचं. हॉल बदलला की अदलाबदल करा हवं तर, पण फोटो एका वेळी एकाच फोनवर.

*तपासा: दोन्ही फोनवर एकाच क्षणी एकेक फोटो काढा आणि डिटेल्समध्ये वेळ बघा. मिनिटात फरक असला तर आत्ताच दुरुस्त करा.*

२. दारात

बॅग, पाण्याची बाटली जिथं ठेवायला सांगतील तिथं ठेवा. फ्लॅश बंद करा, "ऑटो" वर नको, पूर्ण बंद, कारण ऑटोवर असला की अंधाऱ्या खोलीत तो आपोआप उडतो. जुन्या कागदाला, कापडाला उजेडाने खरंच इजा होते. फोन सायलेंटवर.

पहिला फोटो दारावरच्या नावाच्या पाटीचा. झालं, पुढे.

३. आत: आधी पाटी, मग वस्तू

या लेखातलं एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं. क्रम ठरलेला: आधी पाटी, मग पूर्ण वस्तू, मग हवा तर जवळून एखादा भाग. पुन्हा पाटी, पुन्हा वस्तू. कधीही उलट नाही, आणि कधी असं कधी तसं तर अजिबात नाही.

कारण सांगते. फोटो वेळेच्या क्रमाने लावले की पाटीचा फोटो म्हणजे आपोआप मथळा होतो आणि पुढची पाटी येईपर्यंत मधले सगळे फोटो त्याच वस्तूचे. तुम्ही एका जागी पाटी आधी आणि दुसऱ्या जागी पाटी नंतर काढलीत की मधल्या फोटोचा मालक कोण हे कळायला मार्ग नाही. दोन मातीची भांडी शेजारी शेजारी असली तर मग तुम्ही आणि तुमचं नशीब.

हॉल बदलला की आपल्या तळहाताचा एक फोटो काढायचा. हसू नका. कॉम्प्युटरवर छोट्या चौकटीत दोनशे फोटो दिसतात तेव्हा पाट्या सगळ्या सारख्याच दिसतात, काचेची कपाटं सारखीच दिसतात, पण हात लगेच दिसतो. पहिला हॉल एक बोट, दुसरा हॉल दोन बोटं. माझ्या मैत्रिणीच्या हातावर त्या दिवशी लग्नातली मेंदी होती, त्यामुळे तिचा हॉल तर लांबूनच ओळखू येतो.

पाटीचा फोटो काढताना समोर सरळ उभं राहून काढा, तिरका नको, चारी कडा आत आल्या पाहिजेत. पाटी लांबलचक असेल तर दोन फोटो काढा आणि दुसऱ्यात पहिल्याची शेवटची एक ओळ येऊ द्या, जोडताना सोपं जातं. काच असेल तर तुमचाच चेहरा आणि मागची ट्यूबलाईट फोटोत येते. फोन काचेच्या अगदी जवळ न्या, टेकवू नका, आणि थोडंसं बाजूला सरका. मैत्रिणीला मागे उभं करा, तिची सावली किंवा गडद ओढणी मधे आली की चकाकी जाते. पांढरा ड्रेस घालून जाऊ नका एवढंच.

लिहिणारीने काय लिहायचं? सगळी पाटी उतरवायची नाही, ती फोटोत आहेच. तिने ते लिहायचं जे फोटोत येत नाही: भांडं हाताएवढं होतं का घागरीएवढं, मागच्या बाजूला काय होतं, तिथल्या माणसाने काय सांगितलं, आपल्याला काय शंका आली. आणि प्रत्येक नोंदीला घड्याळातली वेळ. "११.२० गाठोड्यासारखं दिसतं ते नक्की काय?" इतकं पुरतं. ग्रुप फोटो असेल तर मात्र नावं तिथंच मोठ्याने वाचा, एकीने वाचायचं आणि दुसरीने चेहऱ्यावर बोट ठेवल्यासारखं करत जायचं, काचेला हात न लावता. १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते, अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. पाच माणसांचा जुना काळा-पांढरा फोटो घरी येऊन बघा बरं, कोण कोण ते सांगता येतं का.

*तपासा: हॉलमधून बाहेर पडायच्या आधी शेवटच्या तीन-चार पाट्या झूम करून वाचून बघा. हलल्या असतील तर तिथंच परत काढा. "घरी बघू" म्हटलं की संपलं.*

परत येताना चार पुतळ्याचा (चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत तो चौक), नाश्त्याच्या प्लेटचा, एकमेकींचा फोटो काढालच. काढा की. फक्त त्याआधी आतल्या शेवटच्या वस्तूनंतर पूर्ण पंजा उघडून एक फोटो, म्हणजे म्युझियम इथं संपलं.

४. घरी: आधी कॉपी, बाकी सगळं नंतर

आता कॉम्प्युटर. पहिली चूक इथं होते ती म्हणजे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकींना टाकणे. तसं केलं की फोटो दाबून लहान होतो आणि बारीक अक्षराची पाटी वाचता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याहून वाईट म्हणजे फोटो कधी काढला ती आतली नोंदही निघून जाते आणि फाईलच्या नावात पाठवल्याची तारीख येते. म्हणजे आपला सगळा क्रमच गेला. पाठवायचाच असेल तर अटॅचमधून "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, मग मूळ फाईल जशीच्या तशी जाते.

सगळ्यात बरं म्हणजे केबल. अँड्रॉइड फोन जोडला की तो आधी फक्त चार्ज होतो, वरून नोटिफिकेशन खाली ओढून "फाईल ट्रान्सफर" निवडायचं. मग:

विंडोज + ई दाबा, फाईल एक्सप्लोरर उघडतो. डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्समध्ये जा, कंट्रोल + शिफ्ट + एन दाबा, नवीन फोल्डर. नाव असं द्या: २०२६-०१-१८ कोटणीस स्मारक. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डर आपोआप तारखेने लागतात. आकडे टाईप करताना इंग्रजीच टाका, इथं मी मराठीत लिहिलेत ते सोडा. एका फोल्डरला मराठी आकडे आणि दुसऱ्याला इंग्रजी झाले की लावणी बिघडते.

तारखेत तिरकी रेघ टाकायला जाल तर विंडोज नाव घेतच नाही. तिरकी रेघ, उलटी तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, चांदणी, दुहेरी अवतरण, उभी रेघ आणि लहान-मोठ्याची चिन्हं, यातलं काहीही फाईलच्या नावात चालत नाही. बऱ्याच जणींना वाटतं कीबोर्डच बिघडलाय. नाही बिघडलेला, आडवी छोटी रेघ वापरा.

त्या फोल्डरमध्ये "मूळ" नावाचा अजून एक फोल्डर. आता फोनमधले त्या दिवसाचे फोटो निवडा: पहिल्यावर क्लिक, शिफ्ट धरून शेवटच्यावर क्लिक. कंट्रोल + सी. "मूळ" मध्ये येऊन कंट्रोल + व्ही.

सावधान: कंट्रोल + सी. कंट्रोल + एक्स नाही. मी एकदा शहाणपणा करून कट केलं, म्हटलं फोनमधली जागाही मोकळी होईल, आणि मधेच केबल ढिली झाली. चाळीसेक फोटो ना फोनमध्ये, ना कॉम्प्युटरवर. फोनमधून असं गेलेलं रिसायकल बिनमध्ये येत नाही आणि तिथं कंट्रोल + झेडचाही (म्हणजे केलेलं मागे घेण्याचा) भरवसा नाही. पेन ड्राईव्हमधून उडवलेल्याचंही तेच, बिनमध्ये काही सापडत नाही.

मैत्रिणीच्या फोनचंही तसंच करा, त्याच "मूळ" मध्ये. आयफोनच्या फाईली नुसत्या चार आकडी क्रमांकाच्या असतात, त्यामुळे दोन फोनच्या फाईलींचं नाव सारखं निघालं तर विंडोज विचारतो "रिप्लेस करू का". हो म्हणू नका! दोन्ही ठेवायचा पर्याय असतो तो घ्या.

*तपासा: फोनमध्ये निवडलेले किती आणि "मूळ" मध्ये आलेले किती. कंट्रोल + ए दाबलं की खालच्या पट्टीत आकडा दिसतो. दोन्ही फोनची बेरीज जुळली की मगच केबल काढा.*

आता "मूळ" फोल्डर निवडून कंट्रोल + सी, लगेच कंट्रोल + व्ही. त्याची प्रत तयार होते, तिला "काम" असं नाव द्या. इथून पुढे जे काही कराल ते "काम" मध्ये. "मूळ" ला हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

५. एका ओळीत लावणे

"काम" उघडा. कंट्रोल + शिफ्ट + ६ दाबलं की तपशिलाची यादी येते, कंट्रोल + शिफ्ट + २ ने मोठी चित्रं. आधी यादीत जा, वरच्या रकान्यांवर राईट क्लिक करून "डेट टेकन" हा रकाना आणा आणि त्यावर क्लिक करून लावा.

बऱ्याच जणी "डेट मॉडिफाईड" वर लावतात, सुरुवातीला चालतंय असं वाटतंही. पण एखादा आडवा फोटो तुम्ही सरळ करून सेव्ह केला की त्याची मॉडिफाईड तारीख आजची होते आणि तो उडी मारून दुसऱ्या टोकाला जातो. "डेट क्रिएटेड" तर कॉपी केल्याची वेळ दाखवते, ती आपल्या काहीच कामाची नाही. "डेट टेकन" म्हणजे खरंच बटण दाबलं ती वेळ. एखाद्या फोटोसमोर हा रकाना रिकामा दिसला तर समजा, तो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलाय नाहीतर स्क्रीनशॉट आहे.

आता मोठ्या चित्रांवर या. हात शोधा. पहिल्या हातापासून दुसऱ्या हातापर्यंत शिफ्टने निवडा, कंट्रोल + एक्स, नवीन फोल्डर, कंट्रोल + व्ही. (इथं कट चालतं, कारण मूळ सुरक्षित आहे.) उघड्या पंजानंतरचे नाश्त्याचे, चार पुतळ्याचे, रिक्षातले सगळे "इतर" मध्ये. चुकून भलतीकडे गेलं तर तिथल्या तिथं कंट्रोल + झेड. एक्सप्लोररमध्ये कंट्रोल + झेड चालतं हेच पुष्कळांना माहीत नसतं, त्यांना वाटतं ते फक्त वर्डमध्ये असतं. फाईल हलवली, नाव बदललं, साधं डिलीट केलं, तिन्ही परत येतं.

सावधान: शिफ्ट + डिलीट ची सवय असेल तर आजच्या दिवस विसरा. त्याने फाईल बिनमध्ये न जाता थेट जाते आणि कंट्रोल + झेड तिथं हात टेकतो.

६. नावं देणे

इथं लोक कंटाळतात. एकेका फोटोवर राईट क्लिक, रीनेम, टाईप, एंटर, पुढचा फोटो, परत राईट क्लिक. दीडशे फोटोंना असं केलं तर रात्र जाते.

पहिला फोटो निवडा, एफ२ दाबा, नाव टाका आणि एंटर न दाबता टॅब दाबा. नाव ठरलं आणि पुढचा फोटो नाव घ्यायला आपोआप उघडला. टाईप, टॅब, टाईप, टॅब. मागे जायचं तर शिफ्ट + टॅब. मी दिवसभर ऑफिसात टॉवेलच्या ऑर्डरी आणि बिलं भरते, तिथं मला हे शिकायला तीन वर्षं लागली, कुणी सांगितलंच नाही.

एफ२ दाबल्यावर आवाज कमी झाला किंवा स्क्रीन अंधारली तर लॅपटॉप बिघडलेला नाही. वरच्या रांगेतल्या बटणांना दोन कामं असतात. एफएन धरून एफ२ दाबा, किंवा पुष्कळ लॅपटॉपवर एफएन + एस्केप ने ते कायमचं बदलतं.

नाव कसं असावं? आधी तीन आकडी क्रमांक, मग हॉल, मग वस्तू, आणि पाटी असेल तर शेवटी "पाटी". म्हणजे "०१२ हॉल१ ग्रुपफोटो पाटी", "०१३ हॉल१ ग्रुपफोटो". क्रमांक पुढे असल्याने यादी नावाने लावली तरी क्रम मोडत नाही, आणि फाईली मोबाईलवर नेल्या तरी तोच क्रम राहतो.

एकाच वस्तूचे सहा फोटो असतील तर सहाही निवडा, एफ२, एकदाच नाव, एंटर. कंसात १, २, ३ असे आकडे आपोआप लागतात. बरोबर लागले नाहीत तर कंट्रोल + झेड.

आता स्पेलिंगचं. तुम्ही एका फाईलला कोटणीस लिहिलं आणि मैत्रिणीने दुसरीला कोटनीस लिहिलं की सर्च केल्यावर अर्ध्याच फाईली येतात आणि आपल्याला वाटतं उरलेल्या हरवल्या. आपल्याकडे कोटणीस, हिंदीत पुष्कळदा कोटनीस, आणि चीनमध्ये त्यांना के दिहुआ म्हणायचे. एक माणूस, तीन नावं. त्यामुळे बसायच्या आधी कागदावर पाच-सात मुख्य नावं एकाच पद्धतीने लिहून कीबोर्डशेजारी ठेवा आणि दोघींनी तीच वापरा.

मराठी टाईप करायला विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि फोनेटिक कीबोर्ड निवडा. मग विंडोज + स्पेसबारने मराठी-इंग्रजी बदलत राहायचं. ऑफिसातला जुना फॉन्ट वापरून टाईप करू नका. तो मजकूर त्या फॉन्टशिवाय उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, मराठीत सर्च केला तर सापडत नाही आणि मैत्रिणीच्या फोनवर तर वाचताच येत नाही.

७. पाटीचा मजकूर कॉम्प्युटरवर

सगळ्या पाट्या हाताने टाईप करायची गरज नाही. फोनवर गूगल लेन्सने पाटीचा फोटो उघडा, मजकूर निवडा, कॉपी करा, स्वतःलाच मेल करा. मराठी बरं वाचतं, पण ध चा घ आणि भ चा म करतं, जोडाक्षरात गडबड करतं.

आकड्यांवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. डॉ. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१०, निधन ९ डिसेंबर १९४२. यात १ चा ९ झाला किंवा ९ चा १ झाला तर वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही, अक्षर चुकलं तर निदान डोळ्याला खटकतं तरी. म्हणून आकडा दिसला की फोटोशी ताडून बघायचा, प्रत्येक.

ताडायची सोपी पद्धत: फोटो उघडा, विंडोज + डावा बाण, तो अर्ध्या स्क्रीनवर बसतो. वर्ड उघडा, विंडोज + उजवा बाण, तो दुसऱ्या अर्ध्यावर. आता मान इकडून तिकडे, बस. ऑल्ट + टॅब मारत बसलं की नजर ओळ चुकते.

बाहेरून आणलेला मजकूर वर्डमध्ये कंट्रोल + व्ही ने टाकला की त्याच्यासोबत रंग, भलता फॉन्ट, मोठी-लहान अक्षरं सगळं येतं. कंट्रोल + शिफ्ट + व्ही ने नुसता मजकूर येतो. जुन्या वर्डमध्ये हे चालत नाही, तिथं राईट क्लिक करून "कीप टेक्स्ट ओन्ली" घ्या.

आणि विंडोज + व्ही. पहिल्यांदा दाबलं की चालू करू का विचारतं, हो म्हणा. मग कॉपी केलेल्या मागच्या २५ गोष्टी यादीत राहतात, पाच पाट्यांतून पाच ओळी कॉपी करून मग एकदम बसून टाकता येतात. फक्त कॉम्प्युटर बंद करून चालू केला की पिन न केलेल्या निघून जातात. आणि हे सगळं दुसऱ्याच्या किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर करत असाल तर शेवटी "क्लिअर ऑल" करा, नाहीतर तुम्ही मधेच कॉपी केलेला पासवर्डही पुढच्या माणसाला त्याच यादीत दिसेल.

८. एकच फाईल

वर्डमध्ये हॉलचं नाव लिहून कंट्रोल + ऑल्ट + १ (मोठा मथळा), वस्तूचं नाव लिहून कंट्रोल + ऑल्ट + २ (छोटा मथळा). त्याखाली पाटीचा मजकूर, मग लिहिणारीची नोंद, मग फोटोचा क्रमांक. फोटो आत टाकू नका, फाईल फुगते आणि उघडायला पाच मिनिटं घेते, नुसता "०१३" लिहिला तरी फोल्डरमध्ये सापडतो. फोटोतला छोटाच भाग हवा असेल तर विंडोज + शिफ्ट + एस, माऊसने चौकट ओढा, वर्डमध्ये कंट्रोल + व्ही.

दर दोन-तीन ओळींनी कंट्रोल + एस. सोलापुरात राहून हे सांगायला लागू नये, लाईट कधी जाईल याचा नेम नाही.

शेवटी स्पेलिंग सारखं करायला कंट्रोल + एच. "काय शोधायचं" मध्ये कोटनीस, "काय टाकायचं" मध्ये कोटणीस.

सावधान: "रिप्लेस ऑल" डोळे मिटून दाबू नका. आम्ही हौसेने "बसू" शोधून त्या जागी "डॉ. बसू" टाकायला सांगितलं. मैत्रिणीच्या नोटमध्ये होतं, "पाय दुखतायत, बाकावर बसू, मग वरचा मजला". त्याचं झालं "बाकावर डॉ. बसू, मग वरचा मजला". आणि "बसून" चं "डॉ. बसून". एकेक बघत "रिप्लेस" दाबा, वेळ लागतो पण हसू होत नाही.

*तपासा: कंट्रोल + एफ ने "१९" शोधा. प्रत्येक सालापाशी थांबून फोटोतली पाटी बघा.*

९. पाठवणे आणि फोन रिकामा करणे

मैत्रिणीला "मूळ" पाठवायचं नाही, "काम" आणि वर्डची फाईल पाठवायची. फोल्डरवर राईट क्लिक करून झिप करा आणि गूगल ड्राईव्हवर टाकून लिंक द्या, किंवा ती येणारच असेल तर पेन ड्राईव्ह. पेन ड्राईव्ह काढताना "इजेक्ट" करून काढा, ओढू नका. "मूळ" ची एक प्रत दुसरीकडे ठेवा, दुसऱ्या डिस्कवर किंवा गूगल ड्राईव्हवर, त्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये नव्हे.

फोनमधले फोटो अजून उडवू नका. आधी मैत्रिणीला तिच्याकडे फाईल उघडायला सांगा, फोनवरच विचारा, "बारा-तेरा नंबर काढ, डावीकडून दुसरा कोण ते वाच बघू." तिने फोटो बघून नाव बरोबर सांगितलं की मग उडवा.